तेच ताट, तीच वाटी

माझ्या लेकीला ॲनोरेक्सिया झाला, म्हणजे खाणं कमी करत नेऊन शरीर उपाशी ठेवणारा आजार, आणि त्याच्या उपचारांत कळलं की ती ऑटिस्टिक आहे, म्हणजे तिच्या मेंदूची घडण जन्मापासून वेगळी आहे. हे लिहायला तिनं परवानगी दिली ती अटी घालून. नाव लिहायचं नाही. वजनाचा आणि कॅलरींचा एकही आकडा लिहायचा नाही. आणि "ती आजाराशी झुंजली" असली वाक्यं नकोत, कारण तिच्या मते ती झुंजली वगैरे नाही, तिनं फक्त वेळच्या वेळी जेवणं केली. अटी मान्य. घरात तिला सगळे बाय म्हणतात, इथेही तेच म्हणतो. आकड्यांबद्दलची अट तर सगळ्यांनीच पाळावी अशी आहे. या आजारातली मुलं दुसऱ्याचे आकडे वाचतात आणि स्वतःचे त्याला लावून बघतात.

मी देवगड तालुक्यात ई-सेवा केंद्र चालवतो, थोडी हापूसची कलमं आहेत. दिवसभर लोकांचे अर्ज भरणं हाच धंदा. तरीही घरातलं पोर जेवेनासं झाल्यावर कुठल्या खिडकीसमोर उभं राहायचं ते मला कळत नव्हतं. म्हणून जे झालं ते क्रमानं लिहितोय.

बाय लहानपणापासून मोजकंच खाणारी. उकड्या तांदळाची पेज चालायची नाही, सुरय तांदळाचा पांढरा भातच हवा. घावणे पांढरे, कडा लाल झाल्या की ताट मागे. कुळथाची पिठी फक्त आजीच्या हातची. चटणी शेजारच्या वाटीत, घावण्याला टेकायची नाही. मासे तर वासासकट वर्ज्य. मालवणी घरात मासे न खाणारं पोर म्हणजे थट्टेला आयता विषय, पण जे खायची ते पोटभर खायची. खोबरं, तूप, दूध भरपूर. वाढ नीट चालली होती, त्यामुळे डॉक्टरकडे नेण्यासारखं काही वाटलंच नाही.

जून २०२३ मध्ये ती नववीत गेली. शाळेत कुणीतरी आहारावर व्याख्यान दिलं. तेल, तूप, साखर, खोबरं, मैदा टाळा, वजन ताब्यात ठेवा. बाकीच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि सुटल्यावर गाडीवरचा वडापाव खाल्ला. बायनं वहीत मुद्दे उतरवून घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून पाळायला लागली. तिला सांगितलेली गोष्ट ही सांगितलेली गोष्ट असते. तिच्यात "साधारणपणे" किंवा "तुझ्यासाठी नव्हे" हे आपोआप मिसळत नाही. आधीच पदार्थ मोजके, त्यातून खोबरं गेलं, तूप गेलं, मग दूध गेलं. श्रावण संपेस्तोवर ताटात थोडा भात आणि काकडी उरली.

त्या वर्षी १९ सप्टेंबरला गणपती होते. चाकरमानी आले, घर भरलं. मुंबईच्या एका काकूनं कौतुकानं म्हटलं, "अगो, किती छान बारीक झालीस! आम्हाला पण सांग काय करतेस ते." पुढे हे वाक्य बायनं मानसशास्त्रज्ञांना तारीख, वार आणि काकूच्या साडीच्या रंगासकट सांगितलं.

नोव्हेंबरपर्यंत हात बर्फासारखे गार, विंचरताना केसांचे पुंजके, आणि पाळी बंद. शाळेत प्रार्थनेला चक्कर येऊन पडली. जवळच्या डॉक्टरांनी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासलं, खर्च चौदाशे रुपये, रिपोर्ट जवळपास ठीक. टॉनिक मिळालं. माझ्या आईनं ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं. "चेडवाक काय झाला कळना नाय, पेज पन नको म्हणता." सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. त्यात काही वाईट नाही. देवाकडे जा आणि नाडीही मोजून घ्या, एवढंच मी सांगेन. कारण कणकवलीच्या दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्यांदा नाडी नीट मोजली तेव्हा ती ४४ भरली. त्यांनी लगेच ईसीजी काढला, आडवं असताना आणि उभं राहिल्यावर बीपी घेतलं आणि चिठ्ठी लिहून दिली. जागेपणी नाडी ५० च्या खाली असेल तर अशा मुलांना दाखल करून घेतात, हे तेव्हा कळलं. मूल झपाट्यानं बारीक होत असेल तर हिमोग्लोबिनवर थांबू नका. नाडी, दोन्ही स्थितीतलं बीपी, ईसीजी आणि रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम एवढं मागून घ्या. साधे रिपोर्ट ठीक असणं म्हणजे शरीर ठीक असणं नव्हे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात फोंडाघाट चढून राधानगरीमार्गे कोल्हापूर. घाटात तिला दोनदा उलटी आली आणि पोटात काही नसताना येणारी उलटी किती वाईट असते ते आम्ही मागच्या सीटवर बघितलं. तिथल्या एका खाजगी रुग्णालयात दीडेक आठवडा राहिलो. बिल अठ्ठावन्न हजारांच्या आसपास. आंब्याच्या व्यापाऱ्याकडून पुढच्या हंगामाची उचल घेतली.

मला वाटलं होतं की दाखल झाली म्हणजे आता भरपूर खायला घालतील. उलटंच होतं. बराच काळ उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपकन खाली येतं आणि हृदयावर बेततं. म्हणून थोडं थोडं वाढवत नेतात, थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) देतात आणि रोज रक्त तपासतात. घरच्या घरी "आता खा गो पोटभर" म्हणून ताट भरणाऱ्या सगळ्या आयांना आणि आज्यांना हे सांगायलाच हवं.

शरीर सावरत होतं, पण वॉर्डात रोज एक नवी अडचण. डोक्यावरच्या ट्यूबलाइटचा गुणगुणाट तिला झोपू देत नव्हता. आम्हा कुणालाच तो ऐकू येत नव्हता. फिनेलनं पुसल्यावर अर्धा तास ती तोंडात काही घेऊ शकायची नाही, आणि पुसायची वेळ नेमकी न्याहारीच्या आधीची. सिस्टर विचारायच्या, "भूक लागली का?" ती म्हणायची, "माहीत नाही." कागदावर लिहिलं गेलं की रुग्ण सहकार्य करत नाही. खरं तर ती शब्दशः खरं बोलत होती. तिला भूक कळतच नाही, उपाशी असताना तिला फक्त चिडचिड होते आणि डोकं दुखतं. आज असं कुणी विचारलं तर ती सरळ सांगते, "मला भूक कळत नाही, घड्याळ कळतं." तेव्हा तिच्याकडे हे वाक्य नव्हतं.

तिथे आठवड्यातून एकदा येणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी हे सगळं ऐकलं आणि आम्हाला बाहेर बसवून भलतेच प्रश्न विचारायला लागल्या. लहानपणी खेळणी ओळीत लावायची का? शिवण टोचते म्हणून कपडे उलटे घालायची का? मैत्रिणी किती? बायची एक सवय मी सांगितली. पाच वर्षांची असल्यापासून ती कॅलेंडरवर रोज भरती-ओहोटीच्या वेळा लिहिते आणि बंदरावर जाऊन पडताळते. आम्हाला त्याचं कौतुकच होतं. बाई म्हणाल्या, कौतुक असू द्या, पण ऑटिझमची तपासणी करून घ्या. निदान झालं होतं ॲनोरेक्सियाचं. त्याच्या खाली आणखी एक थर असावा असं त्यांना वाटत होतं, आणि तो कळल्याशिवाय वरचे उपचार बसणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

घरी आणल्यावरचे दिवस सगळ्यात कठीण. रात्री बाय स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायची, "भातात तूप घातलंत का?" एका रात्री बायकोनं १४४१६ लावला. टेली-मानस, सरकारची फुकटची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, मराठीत बोलतात. त्यांनी बायवर काही तोडगा दिला नाही, फोनवर देताही येत नाही. पण बायको पाऊण तास बोलली आणि मग झोपली. नंबर लिहून ठेवा, तो पालकांसाठीही आहे.

ऑटिझमच्या तपासणीची वेळ मुंबईत मिळाली ती फेब्रुवारीच्या शेवटाची. कोकणकन्येनं रात्रभर प्रवास करून पहाटे उतरायचं, एका नातेवाइकाकडे अंघोळ आणि मग दवाखाना. सरकारी रुग्णालयातही ही तपासणी होते आणि केसपेपर अगदी स्वस्त असतो, पण वेळ लागणार होता, म्हणून खाजगी मानसशास्त्रज्ञांकडे गेलो. नऊ हजार रुपये, दोन बैठका. सोबत काय न्यायचं ते आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पहिली-दुसरीची प्रगतिपुस्तकं, त्यातले बाईंचे शेरे, लसीकरणाचं कार्ड, लहानपणीचे व्हिडिओ, आणि जिनं तिला सांभाळलं त्या आजीचं म्हणणं. आम्ही आईला फोनवर घेतलं आणि तिनं मालवणीत जे सांगितलं ते सगळ्यात उपयोगी ठरलं.

आपल्याकडे ऑटिझमच्या प्रमाणपत्रासाठी इसा नावाची मोजपट्टी वापरली जाते. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेनं तयार केलेली, ४० विधानं, प्रत्येकाला १ ते ५ गुण. बोलकी, मार्कं बरी मिळवणारी मुलगी तिच्यात सहज निसटू शकते, कारण अशा मुली दुसऱ्यांचं बघून वागणं शिकतात आणि घरी येऊन कोसळतात. म्हणून "होय" किंवा "नाही" एवढ्यावर न थांबता प्रत्येक विधानाला घरातलं उदाहरण द्या. मार्चमध्ये अहवाल हातात आला, ऑटिझम. बाय तो तीनदा वाचून म्हणाली, "यात पान चारवर माझी जन्मतारीख चुकलीय." दुरुस्त करून घ्यायला आणखी काही दिवस गेले. ती दुरुस्ती मी हसून सोडून दिली असती तर पुढे प्रमाणपत्राच्या वेळी अडकलो असतो.

आता मुख्य गोष्ट. ॲनोरेक्सियाच्या मुलांसाठी पालकांनीच जेवणाचा ताबा घ्यायचा, अशी कुटुंबाधारित पद्धत आहे. तिची मुळं लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातली. काय वाढायचं, किती वाढायचं हे आई-बाप ठरवतात, सगळे एका टेबलावर बसतात, हळूहळू वेगवेगळे पदार्थ आणतात, मुलाचे नियम मोडतात. आम्ही हे पाळायला बसलो आणि घराचं रणांगण झालं. पुण्याच्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे एप्रिलपासून ऑनलाइन बैठका सुरू केल्या, दर बैठकीला हजार रुपये. नेटवर्क पडायचं म्हणून बाय कलमांच्या वरच्या सड्यावर जाऊन बसायची. त्यांनीच सांगितलं की त्याच मॉड्स्लीत केट चांटुरिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑटिस्टिक रुग्णांसाठी खाण्याच्या आजारांचे उपचार बदलून घेतले आहेत. पीस नावाचा मार्ग आहे तो. वॉर्डातला उजेड, आवाज, वास याचा विचार, आणि रुग्णानं स्वतःबद्दल लिहिलेली एक पानी ओळख, जी प्रत्येक डॉक्टरला दाखवायची. बायनं तिचं पान त्याच दिवशी लिहिलं. पहिली ओळ, "हात लावण्याआधी सांगा."

मग बाईंनी आम्हाला एक काम लावलं. बायचे खाण्याचे सगळे नियम दोन रकान्यांत लिहा. एका रकान्यात आजाराचे, दुसऱ्यात तिचे स्वतःचे. आजाराचे मोडायचे, तिचे जपायचे. ऐकायला सोपं, पण ओळखायचं कसं? घावणा पातळ हवा, हा कुठला नियम? बाईंनी युक्ती दिली. पातळ करा, पण संख्या वाढवून विचारा. "पातळच करते, पण चार चालतील?" बायनं खांदे उडवून "चालतील" म्हटलं, म्हणजे तो जिभेचा नियम, तिचा. भात वाटीनं मोजून हवा, यावर मात्र "मोठी वाटी चालेल?" विचारलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. तो आजाराचा. शेजारच्या वाटीतली चटणी तिची, चटणीतलं खोबरं कमी करणं आजाराचं. तेच ताट, तीच वाटी हे तिचं. ताट संपल्यावर अंगणात येरझाऱ्या घालणं आजाराचं. काही नियम दोन्ही रकान्यांत बसायचे, त्यांना हात न लावता पुढच्या महिन्यावर ढकलायचो.

त्या दिवसापासून आम्ही विविधतेचा नाद सोडला. रोज तेच दहा-अकरा पदार्थ, पण पुरेसे. नातेवाईक विचारायचे, भाज्या कधी खाणार? आमच्या आहारतज्ज्ञ म्हणाल्या, आधी पोट भरू दे, भाज्यांचं पुढे बघू, तोवर रक्त तपासत राहू आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊ. ड जीवनसत्त्व, बी-१२ आणि लोह कमी होतं, तेवढ्याच गोळ्या. भुकेवर विसंबायचं नाही, दिवसात सहा वेळा घड्याळाच्या गजरावर खायचं. हे वेळापत्रक बायनं स्वतः आखलं, भरतीच्या तक्त्याशेजारी चिकटवलं, आणि एकदा चिकटवल्यावर ते मोडायला ती आमच्याहून नाखूश असायची. एकाच टेबलावर बसण्याचंही आम्ही बदललं. आमच्या चावण्याचे आवाज तिला सहन होत नाहीत. बायको शेजारी विणकाम घेऊन बसायची, रेडिओ हळू चालू.

तेलातुपाचा प्रश्न वाद घालून सुटला नाही. "थोडं तूप चांगलं असतं" या वाक्यावर तिचा प्रश्न, "थोडं म्हणजे किती, आणि व्याख्यानात चूक सांगितलं का?" शेवटी डॉक्टरांनी लेटरहेडवर लिहून दिलं की हिच्या वयाला आणि प्रकृतीला रोज अमुक चमचे तूप आणि अमुक खोबरं लागतं, शाळेतल्या व्याख्यानातला सल्ला हिला लागू नाही. खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. बायनं शिक्का निरखून बघितला, कागद लॅमिनेट करून मागितला. मीच केला, केंद्रात मशीन आहे. दुसऱ्या दिवशी घावण्यावर तूप पडलं. शिक्क्याला इतकं मानणारं माणूस माझ्या काउंटरवर मी फार पाहिलं नाही.

वजनाचंही तसंच. अनेक ठिकाणी रुग्णाला काट्याकडे पाठ करून उभं करतात, आकडा सांगत नाहीत. बायला न सांगितलेला आकडा आठवडाभर पोखरायचा. मग ठरलं, दर दुसऱ्या शनिवारी, त्याच काट्यावर, त्याच कपड्यांत, आणि आकडा सांगण्याआधी डॉक्टर सांगणार की यावेळी साधारण किती वाढ अपेक्षित होती. दुसऱ्या मुलाला हे उलट पडेल. विचारून ठरवा.

दरम्यान कागदपत्रं. खाण्याचा आजार दिव्यांगांच्या यादीत वेगळा नाही, पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज एप्रिलमध्येच भरला, फी काही नाही. आधारवरचं इंग्रजी स्पेलिंग आणि शाळेच्या दाखल्यावरचं एकच आहे ना ते आधी बघा. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या चार अर्जांचं घोडं तिथेच अडतं. मोबाइल नंबर असा द्या जो पाच वर्षांनीही तुमच्याकडे असेल. जिल्हा रुग्णालयात तपासणी करणाऱ्या वैद्यकीय मंडळाचे वार ठरलेले असतात, फोन करूनच निघा. आम्ही मुंबईचा अहवाल, कोल्हापूरचं डिस्चार्ज कार्ड आणि बायची एक पानी ओळख, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स नेल्या. रांगेत आवाज फार, म्हणून बाय मोटारीत बसली आणि मी नंबर आल्यावर तिला बोलावलं. आधी विचारलं तर शिपायानंच सांगितलं की चालेल. कार्ड जुलैमध्ये आलं, पिवळं, म्हणजे ४० टक्के किंवा त्याहून जास्त आणि ८० च्या खाली. ४० टक्के गाठले की बहुतेक सवलती लागू होतात. राष्ट्रीय न्यासाची निरामय ही आरोग्य विमा योजना ऑटिझमला लागू आहे, एक लाखापर्यंत. मूळ बिलं आणि चिठ्ठ्या फेकू नका. जुन्या पद्धतीनं आयकर भरणाऱ्यांनी दिव्यांग अपत्यासाठीच्या वजावटीबद्दल (१९६१ च्या कायद्यातलं ८० डीडी कलम) सीएला विचारावं.

१ जूनपासून दोन महिने यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा मला वाटलं वास तरी थांबेल. पावसाळ्यात सुकं भाजतात हे विसरलोच होतो, आणि सुकटीचा वास ताज्या बांगड्याच्या वरताण. आईनं स्वतःहून मागीलदारी पत्र्याखाली चूल मांडली. पाऊस आडवा यायचा, डोक्यावर इरलं घेऊन ती सुकट भाजायची. एवढं करून आत येऊन बायला म्हणाली, "तुज्या पिटाचो डबो येगळो ठेवलंय हां, तेका कोण हात लावूचा नाय." भाषणं न करता घर असं बदलत गेलं.

२०२४ चे गणपती ७ सप्टेंबरला. मला त्यांची भीती जास्त होती. ऑगस्टमध्येच घराण्याच्या व्हॉट्सॲप गटावर मी लिहिलं. बायच्या अंगावर, ताटावर, वजनावर कुणी बोलायचं नाही, चांगलंही नाही. ती तिच्या वेळेला तिच्या खोलीत जेवेल, आरतीला झांजा सहन झाल्या तर येईल. प्रसाद घेतला नाही तर तो देवाचा अपमान समजू नये. दोघातिघांनी अंगठे पाठवले. एका काकांनी फोन करून विचारलं, इतकं काय? मी त्यांना ४४ हा आकडा सांगितला. तरी पहिल्या दिवशी ते म्हणालेच, "येक मोदक खाल्लंस तर काय जाता तुझा?" बाय म्हणाली, "पारी खाते. सारण नको." आणि रिकाम्या उकडीच्या पाऱ्या तुपात बुडवून खाल्ल्या. त्या तिच्या यादीत नव्हत्या. वर्षभरात आलेला तो पहिला नवा पदार्थ, आणि तो कुणी आणवलेला नव्हता. काकू त्या वर्षीही आल्या होत्या. त्यांनी बायला नवं भरतीचं कोष्टक आणून दिलं, दुसरं काहीच बोलल्या नाहीत.

त्याच नोव्हेंबरात घसरण झाली. रात्रीच्या दुधाबरोबरच्या बिस्किटांचा पुडा कंपनीनं बदलला आणि तिच्या म्हणण्यानं चवही. दोन आठवड्यांत रात्रीचं खाणं पूर्ण सुटलं, पाठोपाठ जुन्या सवयी परत. पुण्याच्या बाईंनी आठवड्याला दोन बैठका केल्या. तेव्हापासून प्रत्येक वेळच्या खाण्याला एक पर्यायी पदार्थ आधीच ठरवून ठेवलेला असतो, आणि महिन्यातून एकदा तो मुद्दाम खायचा, म्हणजे तो परका वाटत नाही.

दहावीची परीक्षा २१ फेब्रुवारी २०२५ ला सुरू झाली. सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फत रत्नागिरीच्या कोकण विभागीय मंडळाकडे जातो, त्यासाठी सप्टेंबरपासूनच मुख्याध्यापकांच्या मागे लागा. तासाला २० मिनिटं जादा मिळतात. आमच्या डोक्यात न आलेली गोष्ट अशी की पेपर दुपारी एकच्या जेवणावर चढतो, आणि जादा वेळेमुळे तो आणखी लांबतो. जानेवारीपासून सगळं वेळापत्रक अलीकडे सरकवून सवय केली, आणि पेपरात मध्ये खायला राजगिऱ्याची वडी नेण्याची परवानगी केंद्रसंचालकांकडून लेखी घेतली. लेखी, कारण तोंडी परवानगीवर बायचा विश्वास नाही.

पाळी मार्चमध्ये परत आली. नाडी, बीपी, रक्त आता ठीक आहे. पदार्थ वीसेक झालेत, मासे अर्थातच नाहीत. ऑनलाइन बैठक महिन्याला एक. व्यापाऱ्याची उचल २०२५ च्या हंगामात फिटली. वाईट दिवस येतात, तेव्हा ती कागद काढून शिक्का बघते.

सध्या ती अकरावीत आहे आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या निवासी शिबिराला जायचं म्हणते. आम्ही दोघंही नको म्हणत होतो. तिनं कार्यक्रम अधिकाऱ्यांना स्वतः भेटून एक पानी ओळख दिली, खाली नवीन परिच्छेद जोडून. घावण्याचं पीठ ती घेऊन जाईल, तवा वेगळा मिळावा, गजर वाजला की काम सोडून खायला जाईल, आणि रांगेत तिच्यामागे उभं राहून कुणी "बस एवढंच?" विचारू नये. सरांनी होकार दिलाय. रात्रीचं दूध कुणी तापवायचं, ते अजून ठरायचंय.